स्पीकरचे चुंबक : ढकलणारे आणि अडवणारेही

शाळेच्या प्रार्थनेसाठी आमच्याकडे लाकडी खोक्यात बसवलेला एक जुना स्पीकर होता. एका सुट्टीत उंदराने त्याचा कागद कुरतडला, म्हणून त्याच मापाचा, सहा इंची, ८ ओहमचा नवा स्पीकर आणला. दुकानदाराने तो मुद्दाम पालथा करून दाखवला होता. ‘‘चुंबक बघा केवढे जड आहे, आवाज दणदणीत येणार!’’ खोके तेच, अ‍ॅम्प्लिफायरही तोच. दुसऱ्या दिवशी प्रार्थना सुरू झाली आणि दोन गोष्टी एकदमच लक्षात आल्या. गाणाऱ्या मुलींचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा आणि स्वच्छ येत होता. पण तबल्याबरोबरचा डग्गा मात्र अगदीच फिका वाटत होता. पूर्वीचा घुमारा जणू कोणी काढून घेतला होता.

नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘चुंबक जोरदार म्हणजे बल जास्त. मग डग्ग्याचा आवाज वाढायच्या ऐवजी कमी का झाला?’’ आम्ही सांगून टाकले, ‘‘स्पीकर सदोष निघाला असेल, बदलून आणू.’’

हे उत्तर साफ चुकीचे होते. स्पीकरमध्ये काहीही दोष नव्हता. आम्ही पाठ्यपुस्तकातला एक नियम लावला होता आणि त्याच पुस्तकातला, दोन-चार पानांपुढचा दुसरा नियम विसरलो होतो. मुलीचा प्रश्न मात्र दोन्ही नियम मागत होता. या लेखात तो प्रश्न आपण नीट सोडवू. त्यासाठी लागणारे गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही.

स्पीकरच्या आत काय असते?

बिघडलेला जुना स्पीकर मिळाला तर मुलांसमोर त्याचा कागद कापून आत पाहा. कागदी शंकूच्या टोकाला एक हलकी नळी चिकटवलेली दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे असतात. कारागीर हिला ‘व्हॉइस कॉइल’ किंवा नुसते ‘कॉइल’ म्हणतात. आपण तिला कुंडल म्हणू. शंकूची बाहेरची कड लवचीक असते. आतल्या बाजूला कुंडलाजवळ वळ्या पाडलेली एक कापडी चकती असते, तिला ‘स्पायडर’ म्हणतात. या दोन्हींमुळे कुंडल पुढेमागे हलू शकते, पण बाजूला सरकू शकत नाही.

कुंडल एका अरुंद, गोल फटीत बसलेले असते. मागे कडीच्या आकाराचे चुंबक असते. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चकत्या असतात. मागच्या चकतीच्या मधोमध एक लोखंडी खांब उभा असतो आणि तो पुढच्या चकतीच्या छिद्रातून वर येतो. खांब आणि छिद्राची कड यांच्यामध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटरची जी फट राहते तीच ही. चुंबकाचे सारे क्षेत्र या फटीत एकवटते आणि सायकलच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्यातून सर्व बाजूंना पसरते. त्यामुळे कुंडलाची तार कोठेही पाहिली तरी क्षेत्राला काटकोनातच असते. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने पाहिले तर तारेच्या प्रत्येक तुकड्यावरचे बल एकाच दिशेने, म्हणजे पुढे किंवा मागे येते. दीड व्होल्टचा सेल क्षणभर जोडून पाहा. शंकू पुढे उसळी घेईल. सेल उलटा जोडला तर मागे जाईल.

ही रचना रुळली ती अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांच्या १९२५ मधील कामामुळे. आजचे बहुतेक स्पीकर मुळात तसेच आहेत.

पहिला नियम : ढकलण्याचा

कुंडलावरचे बल असे मिळते :

बल = चुंबकक्षेत्र × फटीतील तारेची लांबी × विद्युतप्रवाह

एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही सोयीचे निवडले आहेत, पण सहा इंची स्पीकरला शोभतील असेच आहेत. फटीतील क्षेत्र १ टेस्ला, फटीत असलेली तार ६ मीटर, कुंडलाचा रोध ६ ओहम. शंकू आणि कुंडल मिळून वस्तुमान १२ ग्रॅम. अ‍ॅम्प्लिफायर ३ व्होल्ट देतो असे समजू. (८ ओहमच्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरवर साधारण ६ ओहमच भरतो. ८ हा आकडा प्रत्यावर्ती प्रवाहासाठी सांगितलेला असतो.)

शंकू हाताने दाबून धरला तर प्रवाह ३ ÷ ६ = ०.५ अँपिअर. बल १ × ६ × ०.५ = ३ न्यूटन. म्हणजे साधारण ३०० ग्रॅमच्या वजनाइतके बल १२ ग्रॅमच्या वस्तूवर! सोडल्याबरोबर तिला मिळणारे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या पंचवीस पट होते.

आता क्षेत्र अर्धे केले तर बल १.५ न्यूटन होईल आणि दीडपट केले तर ४.५ न्यूटन. जितके चुंबक जोरदार, तितका धक्का जोरदार. दुकानदाराचा नियम हाच आणि आमचाही हाच होता. पण यात आपण शंकू हाताने दाबून धरला होता. तो सोडून दिला की गोष्ट बदलते.

दुसरा नियम : अडवण्याचा

कुंडल चुंबकक्षेत्रात हलू लागले की त्याच तारेत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. सायकलचा डायनमो याच तत्त्वावर चालतो. म्हणजे स्पीकर ही एकाच वेळी मोटारही असते आणि डायनमोही.

याची खात्री करायला दोन मोठे स्पीकर घ्या आणि नुसत्या दोन तारांनी एकमेकांना जोडा. सेल नको, अ‍ॅम्प्लिफायर नको. एकाचा शंकू बोटांनी हलकेच पण झटक्याने दाबा. दुसऱ्याच्या शंकूवर बोट टेकवून ठेवणाऱ्या मुलाला त्याची हालचाल जाणवेल. तारा लांब घेऊन एका स्पीकरमध्ये मोठ्याने बोललात, तर दुसऱ्याला कान लावणाऱ्याला तुमचे बोलणे अस्पष्टसे ऐकू येईल.

या निर्माण झालेल्या दाबाची दिशा कोणती? १८३४ मध्ये लेन्झने सांगितलेला नियम असा, की तो दाब आपल्याला जन्म देणाऱ्या हालचालीला विरोधच करतो. उलटे असते तर हललेला शंकू आपोआप अधिकाधिक वेगाने हलत गेला असता आणि फुकटात ऊर्जा मिळाली असती! तेव्हा हलणारे कुंडल स्वतःच स्वतःला ब्रेक लावते.

हा ब्रेक किती जोरदार? शंकू दर सेकंदाला १ मीटर वेगाने चालला आहे असे समजा. दाब = क्षेत्र × लांबी × वेग, म्हणजे १ × ६ × १ = ६ व्होल्ट. तो ६ ओहममधून १ अँपिअर प्रवाह पाठवेल. त्या प्रवाहामुळे मागे खेचणारे बल १ × ६ × १ = ६ न्यूटन. येथे कोणी विचारेल, हा प्रवाह पूर्ण फेरी करतो कोठून? अ‍ॅम्प्लिफायरमधून. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत रोध अगदी थोडा असतो. त्यामुळे कुंडलाच्या दृष्टीने आपली दोन टोके जणू जाड तारेनेच जोडलेली असतात.

क्षेत्र अर्धा टेस्ला असते तर? दाब ३ व्होल्ट, प्रवाह अर्धा अँपिअर, ब्रेकचे बल १.५ न्यूटन. दीड टेस्ला असते तर? दाब ९ व्होल्ट, प्रवाह दीड अँपिअर, बल १३.५ न्यूटन.

हे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मुलांना निरखू द्या. क्षेत्र तिप्पट झाले (०.५ वरून १.५) तेव्हा धक्का तिप्पट झाला (१.५ वरून ४.५). ब्रेक मात्र नऊपट झाला (१.५ वरून १३.५). कारण ब्रेकमध्ये क्षेत्र दोनदा कामाला येते, एकदा दाब निर्माण करताना आणि पुन्हा त्या दाबाच्या प्रवाहाने ढकलताना. धक्का क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो, ब्रेक क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या एका वाक्यात आहे.

टिचकीचा प्रयोग

ब्रेक कानांनी ऐकता येतो. सहा किंवा आठ इंची, बऱ्यापैकी चुंबकाचा सुटा स्पीकर घ्या. तो कशालाही जोडलेला नको. शंकूवर बोटाने हळूच टिचकी मारा. ‘ढब्ब’ असा, किंचित रेंगाळणारा आवाज येईल. आता स्पीकरच्या मागची दोन टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि तशीच टिचकी मारा. या वेळी आवाज कोरडा, ‘टप्’ असा येईल.

टोके सुटी असताना दाब निर्माण होत होता, पण प्रवाहाला वाट नव्हती, म्हणून ब्रेक लागत नव्हता. वाट मिळताच ब्रेक लागला. शंकू तोच, चुंबक तेच. फरक फक्त इंचभर तारेचा! हाच प्रयोग जड चुंबकाच्या आणि हलक्या चुंबकाच्या स्पीकरवर करा. जोरदार चुंबकाच्या स्पीकरमध्ये दोन आवाजांमधला फरक अधिक ठळक असतो.

डग्गा का दबला?

आता धक्का आणि ब्रेक यांची प्रत्यक्ष गाठ घालून देऊ. शंकू आणि त्याची लवचीक कड मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी रचना होते. अशा प्रत्येक रचनेला आपली एक वारंवारता असते. आमच्या उदाहरणात कड आणि स्पायडर मिळून ताठरता मीटरमागे १७०० न्यूटन धरली तर ही वारंवारता सुमारे ६० हर्ट्झ येते.

झोपाळ्याचे उदाहरण घ्या. त्याच्या स्वतःच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो खूप मोठे झोके घेतो. तेथे त्याचे जडत्व तुमच्याशी भांडत नाही. त्याचा झोका किती वाढणार हे फक्त घर्षण ठरवते. याला आपण अनुनाद म्हणतो. ६० हर्ट्झला आपल्या शंकूचेही असेच होते. त्याचा वेग ठरवायला दोनच गोष्टी उरतात, कडेचे आणि हवेचे घर्षण आणि विजेचा ब्रेक. घर्षण आपण १ न्यूटन (दर सेकंदाला १ मीटर वेग असताना) धरू. मग वेग म्हणजे धक्का भागिले एकूण अडथळा.

०.५ टेस्ला : १.५ ÷ (१ + १.५) = सेकंदाला ०.६० मीटर
१.० टेस्ला : ३ ÷ (१ + ६) = सेकंदाला ०.४३ मीटर
१.५ टेस्ला : ४.५ ÷ (१ + १३.५) = सेकंदाला ०.३१ मीटर

चुंबक तिप्पट जोरदार झाले आणि ६० हर्ट्झला शंकूचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला!

यात काही गूढ नाही, हे प्रवाह पाहिला की पटते. १.५ टेस्लाच्या स्पीकरमध्ये या वेगाला उलटा दाब सुमारे २.८ व्होल्ट होतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या ३ व्होल्टांपैकी फक्त ०.२ व्होल्ट उरतात आणि त्यातून प्रवाह जातो जेमतेम ०.०३५ अँपिअर. ०.५ टेस्लाच्या स्पीकरमध्ये मात्र ०.२ अँपिअर जातो. जोरदार चुंबकाचा स्पीकर या स्वराला अ‍ॅम्प्लिफायरकडून फारसे काही घेतच नाही.

आता १००० हर्ट्झकडे वळू. गाण्याच्या आणि बोलण्याच्या आवाजाचा फार मोठा भाग याच्या आसपास असतो. येथे शंकूला सेकंदात हजार वेळा पुढेमागे व्हायचे असते. मुख्य अडचण ब्रेकची नसून जडत्वाची असते. १२ ग्रॅमच्या शंकूला या वारंवारतेला दर सेकंदाला १ मीटर इतका कमाल वेग द्यायचा तर सुमारे ७५ न्यूटन बल लागते. त्यापुढे ब्रेकचे ६ किंवा १३.५ न्यूटन किरकोळ. म्हणून वेग साधारण असे येतात :

०.५ टेस्ला : सेकंदाला ०.०२ मीटर
१.० टेस्ला : सेकंदाला ०.०४ मीटर
१.५ टेस्ला : सेकंदाला ०.०६ मीटर

येथे दुकानदाराचा नियम अगदी बरोबर आहे. चुंबक तिप्पट, तर वेग तिप्पट. तेव्हा नव्या स्पीकरमध्ये मुलींचा आवाज वाढला तो चुंबकामुळे आणि डग्ग्याचा खर्ज दबला तोही चुंबकामुळेच. शिवाय गाणे मोठे झाले म्हणून आम्ही आवाजाचे बटण थोडे मागे घेतले होते. त्यामुळे डग्गा आणखीच खाली गेला.

हुशार विद्यार्थ्यांसाठी येथे एक गणित आहे. क्षेत्र कमी कमी करत नेले तर ६० हर्ट्झचा वेग वाढतच जाईल का? चुंबक काढूनच टाकले तर आवाज येणार नाही हे उघड आहे. म्हणजे मध्ये कोठेतरी वेग सर्वांत जास्त असला पाहिजे. ०.१, ०.२, ०.३ असे आकडे घालून त्यांना आलेख काढू द्या. विजेचा ब्रेक आणि घर्षण जेथे सारखे होतात तेथे, म्हणजे सुमारे ०.४ टेस्लाला, हे शिखर सापडेल.

मग ब्रेक वाईट का?

अजिबात नाही. सायकलला ब्रेक नसला तर ती वेगाने जाईल, पण हवी तेथे थांबणार नाही. कमजोर चुंबकाच्या स्पीकरमध्ये डग्ग्यावरची थाप संपली तरी शंकू आपल्याच ६० हर्ट्झच्या लयीत हलत राहतो. आमच्या उदाहरणात ब्रेक मुळीच नसेल, नुसते घर्षण असेल, तर ही हालचाल एक दशांशावर यायला सेकंदाचे सुमारे ५५ हजारांश लागतात, म्हणजे शंकू तीनहून अधिक हेलकावे खातो. १ टेस्लाच्या चुंबकाने तो एका हेलकाव्याच्या आतच शांत होतो.

म्हणजे आमच्या जुन्या स्पीकरचा तो घुमारा सगळाच डग्ग्याचा नव्हता. स्पीकर त्यात स्वतःची भर घालत होता. कोणतेही खर्जाचे वाद्य वाजवा, तो त्यात आपला आवडता एकच स्वर मिसळत असणार. मुलीच्या कानांनी टिपलेला फरक खरा होता. पण ‘पूर्वीचे बरोबर आणि आताचे सदोष’ हा आमचा निष्कर्ष चुकीचा होता. पूर्वी खर्ज गरजेपेक्षा जास्त आणि सैल होता, आता तो घट्ट पण गरजेपेक्षा कमी झाला होता.

तेव्हा चुंबक किती जोरदार असावे याला ‘जितके जास्त तितके चांगले’ असे उत्तर नाही. शंकूचे वस्तुमान, कडेची ताठरता, कुंडलाचा रोध आणि खोक्यातल्या हवेचे घनफळ या सगळ्यांशी त्याचा मेळ बसावा लागतो. खोके बंद असेल तर आतली हवाही स्प्रिंगसारखी वागते आणि शंकूची वारंवारता वर चढवते. हा मेळ आकड्यांत कसा मांडायचा हे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० नंतरच्या काही वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी दाखवून दिले. आज स्पीकर बनवणारे कारखाने आपल्या माहितीपत्रकात जे आकडे छापतात त्यांना या दोघांचेच नाव आहे. क्षेत्र आणि तारेची लांबी यांचा गुणाकार, जो आपल्या उदाहरणात ३, ६ आणि ९ होता, त्याच यादीत दिलेला असतो.

वजन म्हणजे ताकद नव्हे

आता दुकानदाराच्या ‘जड’ या शब्दाकडे येऊ. कुंडलाला कळते ते फक्त फटीतले क्षेत्र. मागे किती किलो चुंबक आहे हे त्याला कळत नाही. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे १ टेस्लाची फट त्याच्या पंचवीस हजार पट झाली. एवढे क्षेत्र मिळवायला फट अरुंद हवी आणि लोखंडी चकत्या पुरेशा जाड हव्यात. लोखंडातून क्षेत्र हवे तितके नेता येत नाही. दोन टेस्लाच्या आसपास ते संपृक्त होते. त्यानंतर मागे आणखी चुंबक लावले तरी फटीतले क्षेत्र फारसे वाढत नाही. उलट ते बाहेर सांडू लागते.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची कागदाची नळी करा. तिच्यावर ३६ गेजच्या, इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे १०० वेढे घ्या. सुमारे ८ मीटर तार लागेल आणि रोध साधारण साडेचार ओहम भरेल. नळी कागदी पेल्याच्या तळाला चिकटवा. तारेची टोके खरवडून ती सेलवर चालणाऱ्या छोट्या रेडिओला, त्याच्या स्पीकरच्या जागी जोडा. रेडिओच्या स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असेल तर सुमारे ४ ओहमचा एक रोधक एकसर जोडा. विजेवर चालणारा रेडिओ या प्रयोगाला घेऊ नये. आता नळीच्या आत, तिला न टेकता, एक गोल चकती-चुंबक धरा. पेल्यातून आवाज येईल. चुंबकावर चुंबक चढवत जा. दुसऱ्याने आवाज चांगलाच वाढेल, तिसऱ्याने थोडासा. चौथ्याने काही फरक पडला का यावर वर्गात वाद होईल. येथे लोखंडी चकत्या नाहीत, तेव्हा संपृक्ततेचा प्रश्न नाही. मागची चुंबके कुंडलापासून दूर दूर जातात म्हणून त्यांचा वाटा घटत जातो. कारण वेगळे, पण धडा तोच : चुंबकाचे वजन चौपट म्हणजे कुंडलापाशी क्षेत्र चौपट नव्हे.

चुंबकाच्या पदार्थानेही वजनाचा हिशोब बदलतो. १९२०-३० च्या काळात पुरेसे जोरदार कायमचे चुंबक परवडत नसे, म्हणून स्पीकरमध्ये विद्युतचुंबक वापरीत. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत या विद्युतचुंबकाचे वेटोळेच प्रवाहातली घरघर गाळून काढण्याचेही काम करीत असे. पुढे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे अल्निको चुंबक आले. १९५० नंतर नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेतून फेराइट आले. ते लोखंडाच्या ऑक्साइडपासून बनते, म्हणून स्वस्त. १९७८ मध्ये झाईरमधील (आजचे काँगो) संघर्षामुळे कोबाल्ट भडकले आणि अल्निकोची जागा फेराइटने झपाट्याने घेतली. स्पीकरच्या मागे दिसणारी काळी, जड कडी ती हीच. १९८० नंतरच्या दशकात जपान आणि अमेरिकेत निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक निघाले. तेवढ्याच आकारमानात ते फेराइटच्या जवळजवळ दहापट चुंबकीय ऊर्जा साठवते. मोबाइलमधला नखाएवढा स्पीकर चालतो तो त्याच्या जोरावर. पण साध्या प्रकारचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले तर आपली काही ताकद कायमची गमावू लागते. स्पीकरला दिलेल्या विजेपैकी ध्वनी होतो तो शेकड्याने एखादा भाग, बाकीची उष्णता होते. त्यामुळे ही अडचण नुसती पुस्तकी नाही.

एक मुद्दा खरेदीच्या कामाचा. फटीतले क्षेत्र दुप्पट झाले की मधल्या स्वरांत ध्वनीचा दाब दुप्पट होतो. तेच काम जुन्या स्पीकरकडून करून घ्यायचे तर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती चौपट लागते. भाषण, सूचना आणि गाणे दूरवर ऐकू जावे एवढीच शाळेची गरज असेल, तर जोरदार चुंबकाच्या स्पीकरला दिलेले चार पैसे वाया जात नाहीत. मात्र त्याच्याकडून घुमाऱ्याची अपेक्षा करू नये.

प्रयोग करताना मोठ्या चुंबकांपासून एटीएम कार्डे, घड्याळे दूर ठेवा. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांना ही चुंबके हाताळू देऊ नका. दोन चुंबके एकमेकांवर आपटू देऊ नका. फेराइटच्या कपच्या उडतात आणि बोटे सापडतात.

आम्ही तो स्पीकर बदलून आणला नाही. अ‍ॅम्प्लिफायरचे खर्जाचे बटण थोडे पुढे केले आणि खोके सभागृहाच्या मधून उचलून दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवले. कोपऱ्यात दोन्ही भिंती खर्ज पुढे लोटतात. डग्गा परत आला, आणि थाप थांबली की थांबूही लागला. मग नववीच्या वर्गात जाऊन त्या मुलीला सर्वांसमोर सांगितले, की त्या दिवशी आमचे उत्तर चुकले होते. तिने टेबलावरचा स्पीकर पुढे ओढला, टोके जोडून एकदा आणि सोडून एकदा टिचकी मारली आणि विचारले, ‘‘टोके अर्धवट जोडली, म्हणजे मध्ये एखादा रोधक घातला, तर आवाज मधलाच येईल का?’’

तुमच्या वर्गात २, १० आणि ५० ओहमचे रोधक असतील तर हे करून पाहा. गणित वर दिलेलेच आहे. फक्त ६ ओहममध्ये त्या रोधकाची भर घालायची.